अनाथ चिंपांझी-ओरांगउटानच्या पिल्लांसाठी काहीतरी करू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी पुष्कळ जणांची सुरुवात एखाद्या व्हिडिओपासून होते हे मला माहितीये. डायपर घातलेलं चिंपांझीचं पिल्लू कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून बसलंय, बाटलीने दूध पितंय, मधेच डोळे वर करून कॅमेऱ्याकडे बघतंय, आणि ते बघून आत काहीतरी हलतं, मग विचारणं सुरू होतं की तिथे व्हॉलंटियर म्हणून जाता येतं का, वय किती लागतं, सुट्टीत दोन आठवड्यांत जमेल का. असं वाटण्यात काहीच चूक नाही. ज्यांना असं वाटतं आणि ज्यांना खरंच काहीतरी करायचंय त्यांच्याशीच मला बोलायचंय, म्हणून जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. या पिल्लांना तुमची गरज आहे, भरपूर आहे, फक्त तुमच्या कुशीची नाहीये. त्यांना कुशीत घेणारी माणसं तिथे आधीपासून आहेत. ती माणसं पुढच्या वर्षीही आणि दहा वर्षांनीही तिथेच टिकतील एवढं बघणं, हे तुमचं काम.

हे असं का म्हणते ते नीट सांगायला हवं, कारण नुसतं 'हात लावू नका' म्हटलं की कुणालाही राग येतो.

आधी हे पिल्लू अनाथ कसं झालं ते बघा. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं आणि त्यानंतरही बरीच वर्षं तिच्या मागेमागेच असतं, ओरांगउटानचं पिल्लू तर सात-आठ वर्षं आईला सोडत नाही. लहान असताना ते तिच्या पोटाच्या केसांना घट्ट धरून असतं, त्यामुळे आई जिवंत असताना पिल्लू काढून घेणं जवळपास अशक्यच, आईला मारूनच ते हाती लागतं. चिंपांझी टोळीने राहतात, आईवर हल्ला झाला की बाकीचे मधे पडतात, तेही मरतात. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत बहुतेक वेळा शिकारी आलेला असतो मांसासाठी, पिल्लात मांस फारसं नसतं म्हणून ते जिवंत विकलं जातं. आग्नेय आशियातल्या बोर्निओ-सुमात्रा बेटांवर गोष्ट जरा वेगळी, तिथे जंगल तोडून नाहीतर जाळून पामतेलाची लागवड होते, भुकेली ओरांगउटान मादी कोवळे कोंब खायला मळ्यात शिरते आणि मारली जाते. 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालात म्हटलं होतं की 2005 ते 2011 या काळात निदान 22 हजार एप (म्हणजे चिंपांझी, गोरिला, बोनोबो, ओरांगउटान) जंगलातून नाहीसे झाले, काही पकडले गेले, बरेचसे पकडताना मेले. आणि हे प्राणी ससे-उंदरांसारखे विणारे नाहीत, चिंपांझी मादीला साधारण पाच-सहा वर्षांनी एक पिल्लू होतं, ओरांगउटानला त्याहून उशिरा. म्हणजे एक आई गेली की ती जागा भरून यायला किती काळ जातो ते बघा.

मग ते पिल्लू जप्त होतं, किंवा कुणीतरी आणून देतं, आणि सँक्च्युअरीत, म्हणजे अशा प्राण्यांना सांभाळणाऱ्या आसऱ्याच्या जागी येतं. व्हिडिओत जे दिसतं ते याच्या कित्येक महिन्यांनंतरचं असतं. पहिल्या दिवसाचं पिल्लू बघवत नाही. कमरेला दोरी किंवा तार बांधलेली असते, ती इतके दिवस बांधलेली असते की कधी कधी कातडीत रुतलेली निघते. आईला लागलेल्या छर्‍यांपैकी एखादा त्याच्याही अंगात असतो. पोटात जंत, अंगात पाणी नाही, केस गळलेले. काही पिल्लं ओरडत राहतात, पण जाणकार माणसं सांगतात की जी ओरडतच नाहीत त्यांची जास्त काळजी वाटते, जी कोपऱ्यात बसून स्वतःलाच मिठी मारून पुढेमागे झुलत राहतात आणि बाटली तोंडाला लावली तरी चोखत नाहीत. औषधं वेळेवर दिली, सलाइन लावलं, तरी काही मरतात. जगण्याची इच्छाच संपली असं तिथली माणसं म्हणतात आणि मला ते पटतं.

यातून जे वाचतं ते का वाचतं? दर दोन-तीन तासांनी तान्ह्या बाळाचं दूध बनवून देणारं एक माणूस रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतं म्हणून. क्वारंटाइन चालू असतं, टीबीची टेस्ट, रक्ताच्या टेस्ट, सगळं होईपर्यंत पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं, म्हणजे त्या काळात तेच एक माणूस म्हणजे त्याचं सगळं जग. ते झोपतं त्या माणसाच्या छातीवर, त्याने बाथरूमला जायचं म्हटलं तरी किंचाळतं. हळूहळू, फार हळू, ते त्या माणसाच्या अंगावरून उतरून दोन पावलं लांब जातं आणि पळत परत येतं, मग चार पावलं. काँगोत किन्शासाजवळ 'लोला या बोनोबो' नावाची जागा आहे (बोनोबो म्हणजे चिंपांझीचाच जवळचा भाऊबंद), क्लोदीन आंद्रे यांनी 1994 साली सुरू केलेली, जगात बोनोबोंच्या अनाथ पिल्लांसाठी अशी ही एकच. तिथे हे काम आजूबाजूच्या बायका करतात, त्यांना मामाँ म्हणतात, पिल्लं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढतात आणि थोडी मोठी झाली की आपल्याच वयाच्या बोनोबोंमध्ये जातात. 2009 पासून तिथले काही बोनोबो परत जंगलातही सोडले गेलेत. हा सगळा डोलारा त्या बायकांवर उभा आहे.

आता विचार करा, आई डोळ्यांसमोर मेलेल्या या पिल्लाने तुम्हाला धरलं. तुम्ही दोन आठवडे त्याला छातीशी घेतलंत, मनापासून घेतलंत, त्यात खोट काहीच नाही. मग तुमची सुट्टी संपली. तुमच्या जागी दुसरी मुलगी आली, तिचीही सुट्टी संपली, मग तिसरा मुलगा. तुमच्या दृष्टीने ती आयुष्यभर पुरणारी आठवण, पिल्लाच्या दृष्टीने मात्र जिला धरलं ती परत गेली, परत गेली, परत गेली. म्हणूनच चांगल्या सँक्च्युअरीत पाहुण्यांच्या आणि थोड्या दिवसांच्या व्हॉलंटियरच्या हातात पिल्लं देत नाहीत. कुणी हुज्जत घालतं की 'प्रेम दिल्याने काय बिघडतं', तर प्रेम देऊन निघून गेल्याने बिघडतं.

तुमच्यापैकी अनेकांनी तो गोरिलांचा सेल्फी बघितला असेल, 2019 मधला, काँगोतल्या विरुंगा नॅशनल पार्कमधल्या रेंजरने काढलेला, मागे दोन गोरिला माणसांसारख्या ताठ उभ्या. त्यातली एक नदाकासी. 2007 मध्ये ती दोन महिन्यांची असताना मेलेल्या आईला चिकटलेली सापडली होती, बंदूकवाल्यांनी आईला मारलं होतं. त्या पहिल्या रात्री आंद्रे बाउमा नावाच्या रेंजरने तिला आपल्या उघड्या छातीवर धरून ठेवलं, ऊब मिळावी म्हणून. जंगलात परत जाण्यासारखी तिची स्थिती नव्हती, त्यामुळे ती तिथल्या अनाथ गोरिलांच्या सेंक्वेक्वे सेंटरमध्येच वाढली, आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये आजारी पडून गेली ती त्याच बाउमांच्या मांडीवर. मधे चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत तिथे युद्ध झालं, बंडखोर आले, विरुंगात आजवर दोनशेहून जास्त रेंजर मारले गेलेत. जगाला सेल्फी दिसला, आणि मग कितीतरी जणांना तसाच सेल्फी हवा झाला. मला म्हणायचंय की तुम्हाला त्या फोटोतलं काही हवं असेल तर ती चौदा वर्षं हवी असू द्या, आणि ती तुम्हाला स्वतःला देता येणार नसतील (कुणालाच सहज देता येत नाहीत) तर ज्यांनी दिली त्यांच्या पाठीशी उभं राहा.

दुसरं कारण जरा कोरडं आहे पण तितकंच महत्त्वाचं. आपलं सर्दी-पडसं त्यांना मारू शकतं. युगांडातल्या किबाले जंगलात 2013 मध्ये चिंपांझींच्या एका टोळीत खोकल्याची साथ आली आणि पाच चिंपांझी गेले, नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की तो आपल्याकडे साध्या सर्दीला कारण होणाऱ्या विषाणूंपैकी एक होता. ते तर धडधाकट, जंगलातले. सँक्च्युअरीत आलेलं पिल्लू आधीच अर्धमेलं असतं. तुम्ही विमानातून उतरता, दोन दिवस घसा खवखवतोय पण एवढ्या लांब आलोय तर सांगायचं कशाला असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. म्हणून मास्क, म्हणून अंतर, म्हणून टीबीचं सर्टिफिकेट आणि लसींची यादी मागतात. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा बऱ्याच सँक्च्युअर्‍यांतले केअरगिव्हर घरी न जाता आतच राहिले, आठवडेच्या आठवडे, कारण बाहेरून रोज ये-जा करणं म्हणजे आजार आत नेणं. स्वतःची लेकरं घरी ठेवून राहिले.

तिसरी गोष्ट फोटोंची, आणि इथे तर तुम्ही कुठेही न जाता, आज आत्ता काहीतरी करू शकता. माणसाच्या कडेवरच्या चिंपांझीचा फोटो बघून बघणाऱ्याला काय वाटतं यावर 2011 मध्ये एक अभ्यास झाला होता. शेजारी माणूस दिसला की लोकांना चिंपांझी पाळायला छान वाटतो, आणि जंगलात ते पुष्कळ आहेत, काही धोका नाही असंही वाटायला लागतं. म्हणजे आपण 'किती गोड' लिहून तो व्हिडिओ पुढे ढकलतो, आणि तो फिरत फिरत अशा माणसापर्यंत जातो ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याला तसंच एक घरी हवंय. मागणी आली की शिकारी परत जंगलात जातो. कमेंटमध्ये 'कुठे मिळेल' असं विचारणारे हमखास असतात, तुम्ही बघितलेच असतील. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये याच्यासाठी स्पष्ट सूचना काढल्या, की माणूस आणि एप एकत्र असतील तर मास्क आणि अंतर फोटोत दिसलं पाहिजे, आणि हातात धरलेल्या पिल्लाचे फोटो टाकूच नका. तर एवढं करा, असे व्हिडिओ शेअर करू नका, रागाने सुद्धा शेअर करू नका कारण त्यानेही तो वरच चढतो. विक्रीची पोस्ट दिसली तर स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख जपून ठेवा, प्लॅटफॉर्मला रिपोर्ट करा आणि अवैध व्यापारावर काम करणाऱ्या संस्थेला पाठवा, विकणाऱ्याशी स्वतः गिऱ्हाईक बनून बोलायला जाऊ नका.

हे पैशाचं जग किती निर्दयी आहे त्याचं एकच उदाहरण देते. सप्टेंबर 2022 मध्ये काँगोतल्या लुबुंबाशी शहरातल्या सँक्च्युअरीतून रात्री तीन चिंपांझींची पिल्लं पळवून नेली आणि खंडणी मागितली. एकदा शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेली पिल्लं परत पळवली. चालवणाऱ्यांनी खंडणी दिली नाही, देऊ शकतच नव्हते, कारण एकदा दिली की आफ्रिकेतल्या प्रत्येक सँक्च्युअरीच्या पिल्लांची किंमत ठरली असती. हा निर्णय घेताना त्यांना काय झालं असेल याचा मी बरेचदा विचार करते.

आता तुम्ही म्हणाल की हे नको ते नको, मग करायचं काय. पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगते.

सगळ्यात मोठी गरज पैशाची आहे, आणि ती एकदाच लागणाऱ्या पैशाची नाही. चिंपांझी माणसाच्या देखरेखीत पन्नास-साठ वर्षं जगतो. आज दोन वर्षांचं पिल्लू आलं तर ते 2070 नंतरही तिथे असू शकतं, तुम्ही तेव्हा आजी-आजोबा झालेले असाल. आणि मोठं झालं की सोडून द्या जंगलात, इतकं ते सोपं नसतं, कारण चिंपांझींचे नर परक्या चिंपांझीला आपल्या भागात सहन करत नाहीत, मारून टाकतात, शिवाय ज्या जंगलातून तो आला तिथे शिकारी अजून असतातच. म्हणून बहुतेक जण कायमचे राहतात. युगांडात लेक व्हिक्टोरियातलं नगांबा बेट बघा, 1998 पासून तिथे सँक्च्युअरी आहे, साधारण शंभर एकर बेट आणि पन्नासेक चिंपांझी. ऐकायला शंभर एकर खूप वाटतं पण तेवढ्या जंगलातून पन्नास जणांचं पोट भरणं शक्य नाही, त्यामुळे रोज दिवसातून अनेक वेळा खाणं द्यावं लागतं, आणि ते सगळं बोटीने आणावं लागतं. बोटीला डिझेल लागतं. इंजिन बिघडतं. डिझेलसाठी कुणी भावुक होऊन पैसे देत नाही. गळ्यात दोरी असलेल्या नव्या पिल्लाचा फोटो आला की देणग्यांचा पूर येतो, आणि तेच पिल्लू पंधरा वर्षांचं, दांडगं, केसाळ, शी फेकून मारणारं नर झालं की त्याच्या नावाने कुणी विचारत नाही, तो खातो मात्र पिल्लाच्या कितीतरी पट.

म्हणून माझी मागणी अशी आहे की चार-पाच जण मिळून एक गट करा, दर महिन्याला प्रत्येकाला खरंच झेपेल एवढीच छोटी रक्कम ठरवा, आणि ती पाच वर्षं चुकवू नका. रक्कम छोटी असली तरी चालेल, नियमित हवी. सँक्च्युअरीला आधीच लिहून कळवा की हे पैसे केअरगिव्हरच्या पगाराला किंवा मोठ्या जनावरांच्या खाण्याला वापरा, आम्हाला फोटो नको. तुम्हाला माहिती नाही, अशा एका ओळीने तिथल्या हिशेब बघणाऱ्या माणसाला किती बरं वाटतं ते, कारण त्यांच्याकडे येणारा बराचसा पैसा 'फक्त या पिल्लासाठी', 'फक्त या पिंजऱ्यासाठी' अशा अटी लावून येतो आणि पगाराच्या दिवशी खात्यात काही नसतं. जो माणूस पिल्लाला रात्रभर छातीवर घेऊन बसतो त्याचा पगार थकला तर तो बिचारा किती महिने थांबेल, त्यालाही घर आहे. तो गेला की पिल्लाची दुसरी आई गेली.

इथे मला जरा चिडून लिहावंसं वाटतंय. मदतीच्या इतक्या जाहिरातींमध्ये बाहेरून आलेली तरुण मुलं मधोमध असतात, आणि ज्यांनी ते पिल्लू जगवलं ते स्थानिक लोक मागे कुठेतरी, नाव सुद्धा नाही. आफ्रिकेतल्या सँक्च्युअर्‍यांत काम करणारे बहुसंख्य लोक त्याच देशाचे, त्याच भागातले आहेत, त्यातले कितीतरी जण तुमच्याच वयाचे. बोर्निओतल्या न्यारू मेंतेंगमध्ये, 1999 साली सुरू झालेल्या ओरांगउटानच्या केंद्रात, स्थानिक बायका रोज सकाळी पिल्लांना जंगलशाळेत घेऊन जातात, तिथे ती पिल्लं चढायला, फळ ओळखायला, झाडावर पानाफांद्यांचं घरटं करायला शिकतात, आई असती तर तिने जे शिकवलं असतं ते. एक घरटं नीट जमायला वर्षं जातात. सिएरा लिओनमध्ये टाकुगामा नावाची सँक्च्युअरी 1995 पासून आहे, यादवी युद्धात टिकली, इबोलाच्या साथीत टिकली, ती तिथल्याच माणसांच्या जोरावर. 'तरुण मंडळी एपना मदत करतायत' असं म्हटलं की आधी ही तरुण मंडळी डोळ्यांसमोर यायला हवीत. आपण त्यांचे मदतनीस.

टाकुगामाचंच पुढचं सांगते. 2019 मध्ये सिएरा लिओनने चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी केलं. आणि तरीही सँक्च्युअरीच्या भोवतालच्या जंगलात जमिनी बळकावणं आणि झाडतोड एवढी वाढली की 2025 च्या मे महिन्यात टाकुगामाने निषेध म्हणून पर्यटकांसाठी दार बंद केलं. पाहुण्यांचं उत्पन्न हातचं घालवून. अशा वेळी त्यांना काय लागतं तर लोकांनी त्यांचं म्हणणं उचलून धरणं, ते जे लिहितायत ते पुढे पोचवणं, सरकारला पत्र लिहा असं त्यांनी म्हटलं तर लिहिणं. मात्र त्यांनी सांगितल्यावर आणि त्यांनी सांगितलेल्या शब्दांत लिहा, कारण दुसऱ्या देशातून आलेलं एक उद्धट पत्र तिथे राहणाऱ्यांचं काम अवघड करून ठेवतं.

आता कौशल्याची कामं. काँगो, कॅमेरून, गिनी या देशांत बराचसा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, देणग्या मागायच्या तर इंग्रजीत लिहावं लागतं. तुमच्यापैकी जे फ्रेंच शिकतायत त्यांनी महिन्यातून एक रिपोर्ट नीट भाषांतर करून दिला तरी कुणाची तरी एक रात्र वाचते. प्रत्येक जनावराचं रोजचं टिपण ठेवलेलं असतं, कोणी किती खाल्लं, कोण कुणाशी भांडलं, कुणाला जुलाब, हे बहुतेक ठिकाणी वह्यांमध्ये असतं, ते कम्प्युटरवर घ्यायचं काम कधीच संपत नाही. पंप, सोलर, बॅटरी यातलं कळणारी मुलं असतील तर त्यांना फार मागणी आहे. आणि एक काम मला स्वतःला फार आवडतं ते म्हणजे जनावरांच्या डोक्याला खाद्य देणाऱ्या वस्तू बनवणं. जंगलात चिंपांझी काडी घालून वारुळातून वाळवी काढतो, त्यात त्याचा केवढा तरी वेळ आणि डोकं जातं, पिंजऱ्यात वाढलेल्याकडे तो वेळ रिकामा असतो आणि रिकामा चिंपांझी स्वतःचे केस उपटतो. म्हणून खोटं वारूळ करतात, भोकाभोकाच्या नळीत मध भरून देतात, अग्निशमन दलाच्या जुन्या पाइपाचे झोपाळे विणतात, फळ बर्फात गोठवून देतात. इंजिनियरिंगच्या मुलांनी एखादं असं खेळणं डिझाइन करून बघावं जे चिंपांझीला पाच मिनिटांत मोडता येणार नाही, सुटा होऊन गिळला जाईल असा एकही तुकडा त्यात नसेल, आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून तिथलाच सुतार परत बनवू शकेल. बोलायला सोपं, करायला महाकठीण.

शाळा-कॉलेजच्या वयात यातून काही होतं का, असं कुणी म्हणालं तर 1991 ची गोष्ट सांगा. टांझानियात दार-एस-सलाममध्ये, चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल यांच्या घराच्या ओट्यावर बारा विद्यार्थी जमले होते, त्यांना आजूबाजूला जे दिसत होतं त्याची चिंता होती. तिथून रूट्स अँड शूट्स हा मुलामुलींचा उपक्रम सुरू झाला, आज तो साठाहून जास्त देशांत आहे. आणि त्याच गुडाल यांच्या संस्थेची काँगो प्रजासत्ताकातली (हा किन्शासावाल्या काँगोच्या शेजारचा वेगळा देश) चिम्पुंगा सँक्च्युअरी 1992 पासून अनाथ चिंपांझी सांभाळतेय. मुलांचं काम आणि पिल्लांचं काम एकाच बाईने जवळपास एकाच वेळी सुरू केलं, यात मला मोठा अर्थ दिसतो. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या, आणि तेव्हाही भाषणांच्या दौऱ्यावरच होत्या.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना प्रत्यक्ष जायचंच आहे त्यांनी जावं. पण मग निदान काही महिने काढून जा, आणि जायच्या आधी जागा तपासा. जिथे पिल्लाला मिठी मारायचे पैसे घेतात, जिथे पिल्लं जन्माला घालतात, जिथे जनावर विकत किंवा भाड्याने देतात ती सँक्च्युअरी नाही, पाटी काहीही असो. खऱ्या ठिकाणी माद्यांना गर्भनिरोधक देतात कारण आणखी पिल्लांसाठी जागाच नसते. आफ्रिकेतल्या वीसहून जास्त सँक्च्युअर्‍यांची 2000 साली स्थापन झालेली संघटना आहे, पासा म्हणतात तिला, तिच्या सदस्यांच्या यादीत नाव आहे का बघा. मधे एजन्सी असेल तर तुमच्या पैशातले किती तिथे पोचतात ते तोंडावर विचारा, उत्तर टाळलं तर सोडून द्या. आणि तिथे गेल्यावर काय कराल तर फळं चिराल, टोपल्याच्या टोपल्या. रात्रीच्या पिंजऱ्यातली शी-शू पाइप लावून धुवाल. करंटच्या कुंपणाला टेकलेलं गवत कोयत्याने कापत चालाल, कारण पावसात ओलं गवत तारेला लागलं की करंट जमिनीत उतरतो आणि हे चिंपांझींना आपल्या आधी कळतं, ते काडी लावून बघतात. पिल्लं लांबूनच दिसतील, मास्कमधून. संध्याकाळी कंबर मोडलेली असेल. त्या दिवशी तुम्ही जे गवत कापलं त्यामुळे एका केअरगिव्हरला दोन तास जास्त पिल्लाजवळ बसता आलं असेल.

पामतेल आणि मोबाइलमधलं खनिज (दोन्हीपायी एपचं जंगल जातं) यावर लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. फोन उगाच बदलू नका, जुना नीट रिसायकलला द्या, एवढंच इथे.

तर सुरुवात अशी करा. एक सँक्च्युअरी निवडा, एकच, तिच्या वेबसाइटवर लागणाऱ्या वस्तूंची यादी असते ती वाचा, मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट वाचा. मग त्यांना छोटा ईमेल लिहा, आम्ही इतके जण आहोत, आम्हाला हे हे येतं, महिन्याला एवढे पैसे आणि एवढे तास देऊ शकतो, तुम्हाला यातलं काय उपयोगी पडेल ते सांगा, नाही म्हणालात तरी चालेल. स्वतःची मोठी मोठी योजना बनवून पाठवू नका, ती वाचायला त्यांच्याकडे वेळ नसतो. उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतील, नेट नसतं, लाइट नसते, कधी एखादं नवीन पिल्लू आलेलं असतं आणि सगळे त्यात अडकलेले असतात. महिनाभर थांबा आणि परत एकदा लिहा.

तुमची,
या कामात तुमच्यासोबत असलेली एक